‘द रेड’ : मारामारी अव्वल, पण थरारपट म्हणून तो किती भक्कम आहे?

पश्चिमवारा

(कथानकाचा शेवटही या चर्चेत येणार आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून मगच पुढे वाचावे.)

गॅरेथ एव्हन्स या वेल्श दिग्दर्शकाने इंडोनेशियात केलेला ‘द रेड’ २०११ च्या सप्टेंबरमध्ये टोरांटो महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागात प्रथम दाखवला गेला आणि त्या विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. सुमारे अकरा लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या १०१ मिनिटांच्या चित्रपटाचे कथानक दोन ओळींत सांगता येते. जकार्तातील एका जुनाट बहुमजली इमारतीत तामा हा अमली पदार्थांचा बादशहा राहतो, त्याला पकडण्यासाठी वीस पोलिसांचे पथक आत शिरते, आणि मग आतली माणसे दारे बंद करून त्या पथकाची शिकार करू लागतात. नायक रामा (इको उवाइस) हा त्या पथकातला नवा शिपाई आहे आणि त्याला या इमारतीत यायचे एक खाजगी कारणही आहे, ते पुढे कळते.

यातील पेंचक सिलात या युद्धकलेच्या दृश्यांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे. हा चित्रपट स्वतःला अत्यंत गांभीर्याने घेतो. त्यात विनोद नाही, गाणे नाही, नायकाच्या तोंडी टाळ्यांचे वाक्य नाही. एवढे गांभीर्य पत्करल्यावर कथेनेही तेवढाच भार पेलायला हवा, आणि तो ती पेलत नाही असे माझे मत आहे. रामा आणि तामाच्या टोळीत असलेला आंदी या दोन भावांची गोष्ट तोंडी लावण्यापुरती येते आणि पोलिसांतील भ्रष्टाचाराचा धागा शेवटच्या दहा मिनिटांत घाईने गुंडाळला जातो. मारामारी वजा केली तर येथे काही उरते का, याबद्दल सदस्यांचे अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.

तिसरी घंटा

मारामारी वजा केल्यावर साधारण पंचवीस मिनिटे उरतील आणि त्यांतली दहा मिनिटे माणसे जिन्यात दबा धरून बसलेली असतील.

गणपुले काका

धागाकर्त्यांशी सहमत आहे, किंबहुना मी आणखी पुढे जाईन. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ अमेरिकी समीक्षकाने या चित्रपटाला चारपैकी एकच तारा दिला, तेव्हा त्यांच्यावर जगभरातून टीका झाली आणि त्यांना आपल्या मताच्या समर्थनार्थ पुन्हा लिहावे लागले. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की पडद्यावर मरणारी माणसे ही माणसे वाटतच नाहीत. मला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. तामाचा प्रवेश आठवा. गुडघे टेकून बसवलेल्या माणसांना तो ओळीने गोळ्या घालतो, शेवटच्या माणसाच्या वेळी गोळ्या संपतात, तर त्याला थांबायला सांगून खणातून हातोडा काढतो. हे दृश्य परिणामकारक आहे यात वाद नाही, परंतु त्या हातोड्याची वाट पाहणारा माणूस कोण होता, त्याने काय केले होते, हे आपल्याला कधीच कळत नाही. भीती निर्माण करण्यासाठी वापरलेले साहित्य, इतकीच त्याची किंमत. पुढचा तास-दीड तास याच हिशेबाने चालतो.

दिठी

काका, त्या प्रसंगाचे आपण केलेले वर्णन अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मरणारी माणसे अनोळखी आहेत हे खरे, परंतु मारणारी माणसे अनोळखी नाहीत, आणि माझ्या मते या चित्रपटाचे खरे बळ तेथेच आहे. येथे पात्रांची ओळख संवादांतून होत नाही, ती त्यांच्या लढण्याच्या पद्धतीतून होते.

तामाचा हस्तक मॅड डॉग या पात्राचेच पाहा. पोलीस पथकातील जाका त्याच्या तावडीत सापडतो. मॅड डॉगच्या हातात पिस्तूल आहे, एक गोळी घातली की विषय संपला. तो मात्र जाकाला एका रिकाम्या खोलीत नेतो, पिस्तूल बाजूला ठेवतो आणि हातांनी लढतो. जाका त्याच्याहून उंच आणि दणकट आहे. ती भूमिका करणारा जो तस्लिम इंडोनेशियाच्या राष्ट्रीय ज्युदो संघात होता, त्यामुळे त्याचा भर पकडीवर आणि उचलून आपटण्यावर आहे. मॅड डॉगची भूमिका करणारा यायान रुहियान हा बुटका माणूस त्या पकडीतून निसटतो, खालून घुसतो, पुन्हा पुन्हा उठतो. हे दृश्य संपते तेव्हा या माणसाबद्दल आपल्याला सर्व काही समजलेले असते: त्याला पैसा नको, सत्ता नको, त्याला फक्त आपल्या तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा आहे. पुढे साखळीला टांगलेल्या आंदीला तो बदडत असताना रामा तेथे पोहोचतो, तर हा गृहस्थ आंदीला खाली उतरवू देतो, दोघांशी एकाच वेळी लढता यावे म्हणून! अशी व्यक्तिरेखा लिहायला दुसऱ्या एखाद्या पटकथेने चार पाने संवाद खर्च केले असते.

मारामारी वजा केली तर काय उरते, या प्रश्नाची मांडणीच म्हणून मला खटकते. आशयच मारामारीत असेल तर ती वजा करायची कशी?

रांगेत उभा

तामा ध्वनिक्षेपकावरून घोषणा करतो की जे रहिवासी पोलिसांचा निकाल लावतील त्यांना आयुष्यभर फुकट राहायला मिळेल. ही घोषणा मुंबईत झाली असती तर पथक दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा पोहोचले नसते, आणि अर्ज करणाऱ्यांत मीही असतो.

कोल्हापुरी पट्टा

मी मर्दानी खेळाच्या आखाड्यात वाढलो, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो.

पारंपरिक युद्धकला पडद्यावर आणताना दोन संकटे असतात. एक म्हणजे ती प्रात्यक्षिकासारखी दिसू लागते. आमच्याकडे दांडपट्टा फिरवताना लोक श्वास रोखून पाहतात, पण तो फिरवणाऱ्याला समोरून विरोध नसतो, त्यामुळे कॅमेऱ्यात तेच दृश्य नुसते देखणे होते आणि त्यातला धोका नाहीसा होतो. दुसरे संकट संकलनाचे. एका फटक्याचे तीन तुकडे केले की फटका कोठून सुटला आणि कोठे बसला हे कळत नाही आणि खेळाडू चांगला आहे की वाईट हे झाकले जाते.

‘द रेड’ या दोन्ही संकटांतून बराचसा सुटला आहे. बोळातील प्रसंगात रामाच्या एका हातात पोलिसी दंडुका आणि दुसऱ्यात सुरा आहे. नीट पाहिल्यास लक्षात येईल की दंडुका बहुतेक वेळा अडवण्यासाठी आणि गुडघा-कोपर मोडण्यासाठी येतो, तर सुरा काम संपवण्यासाठी. पायांची ठेवण खाली असते, शरीराचा भार सतत एका पायावरून दुसऱ्यावर जातो, आणि अंतर कमी होताच कोपर व गुडघा पुढे येतात. बोळाची रुंदी जेमतेम दोन माणसांची, म्हणून हल्लेखोर एकामागून एक येतात, आणि ‘बाकीचे उभे राहून आपली पाळी येण्याची वाट का पाहतात’ हा अशा चित्रपटांवरचा नेहमीचा आक्षेप येथे आपोआप निकालात निघतो. जागेने दिलेले हे उत्तर मला फार आवडले.

जेथे मोकळी जागा मिळते तेथे मात्र तोच आक्षेप परत येतो. अमली पदार्थांच्या कारखान्यातील प्रसंग पाहा. टेबलांवर उड्या मारत चाललेल्या त्या मारामारीत मागच्या रांगेतील दोन-तीन जण नुसते हातवारे करत थांबलेले स्पष्ट दिसतात.

मारामारीची आखणी उवाइस आणि रुहियान यांचीच आहे. उवाइस हा मुळात सिलातचा विद्यार्थी, एका दूरसंचार कंपनीत ट्रक चालवणारा. एव्हन्स सिलातवर माहितीपट करत असताना तो त्यांना सापडला. नटाला मारामारी शिकवलेली नाही, खेळाडूला अभिनय शिकवला आहे. त्याचे फायदे पडद्यावर दिसतात आणि तोटेही.

मांडवीकाठ

वरील प्रतिसादाला थोडी पुरवणी. पेंचक सिलात आपल्याकडे अगदीच परके राहिलेले नाही. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत या खेळाचा प्रथमच समावेश झाला होता. इंडोनेशियाचे त्यातील वर्चस्व किती, तर २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धांत या खेळातील १६ पैकी १४ सुवर्णपदके यजमानांनीच घेतली. २०१९ मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

हे सांगण्याचे कारण असे की स्पर्धेतले सिलात आणि चित्रपटातले सिलात यांत मोठे अंतर आहे. स्पर्धेत छातीवर जाड संरक्षक कवच असते, गुण मोजले जातात, आणि एकट्याने किंवा जोडीने सादर करायचे प्रकारही असतात. चित्रपट पाहून कोणी मुलांना वर्गात घालणार असेल तर शेवटच्या लढतीत शस्त्र म्हणून वापरलेल्या फुटक्या ट्यूबलाइटचा अभ्यासक्रमात समावेश नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उलटतपासणी

युद्धकलेबद्दल मला बोलता येणार नाही, पण धाग्याच्या शीर्षकात ‘थरारपट’ हा शब्द आहे, म्हणून पटकथेच्या तर्काबद्दल लिहितो.

पहिली वीस-पंचवीस मिनिटे हा चित्रपट थरारपट म्हणून उत्कृष्ट आहे. पथक एकेक मजला आवाज न करता ताब्यात घेत वर जाते. मग टेहळणीवरचा एक लहान मुलगा त्यांना पाहतो, वाह्यू हा वरिष्ठ अधिकारी त्याला गोळी घालतो, पण तोवर धोक्याची सूचना पुढे पोहोचलेली असते. पोलीस बोलणार नाहीत आणि प्रेक्षक बोलू शकणार नाहीत अशी शांतता त्या क्षणी तयार होते. यानंतर तामाजवळ सगळ्या मजल्यांची कॅमेऱ्यांची चित्रे आहेत, ध्वनिक्षेपक आहे आणि समोरच्या इमारतीत नेमबाज आहेत. म्हणजे शिकाऱ्याला सर्व दिसते आणि शिकार आंधळी आहे. थरारपटाला यापेक्षा चांगली मांडणी कोणती हवी?

मग पटकथा ही मांडणीच विसरते. एकदा हातघाईची लढाई सुरू झाली की त्या कॅमेऱ्यांचा उपयोग कमी कमी होत जातो. रामा जखमी सहकाऱ्याला घेऊन मजले बदलतो, लपतो, पुन्हा बाहेर पडतो, आणि ज्याच्यासमोर पडद्यांची भिंत आहे तो तामा बहुतांश वेळ बसून राहतो. बंदुकांचेही तेच. सुरुवातीला गोळ्यांचा पाऊस पडतो आणि मग जणू ठरवून सर्वांच्याच गोळ्या संपतात, कारण पुढे कोयते आणि हात वापरायचे आहेत. (चित्रीकरणात खऱ्या बंदुका नव्हत्याच. हवेच्या दाबावर चालणाऱ्या नकली बंदुका वापरून नळीतला जाळ नंतर संगणकावर भरला गेला, आणि काही ठिकाणी ते जाणवते.) युद्धकलापटात ही सवलत प्रेक्षक देतात हे मान्य आहे. परंतु ज्याने स्वतःच्या मांडणीत इतकी शिस्त दाखवली त्याला सवलत मागावी लागावी, याचे वाईट वाटते.

आणि तो गोळी लागलेला मुलगा? त्याच्याबद्दल पुढे कोणीही एक शब्दही काढत नाही. धागाकर्त्यांच्या आक्षेपासाठी याहून चांगला पुरावा नसावा.

अनवट

एक गोष्ट आतापर्यंत कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. या संपूर्ण इमारतीत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. रामाची गरोदर पत्नी सुरुवातीला पलंगावर दिसते आणि गोफार या भाडेकरूची आजारी पत्नीही पलंगावरच दिसते. दोघींचे काम एकच: पुरुषाला घरी परतण्याचे कारण पुरवणे. या इमारतीत संसार करणारी कुटुंबे असणारच, कारण गोफार तसा सरळमार्गी माणूस आहे, औषध घेऊन घरी येणारा. इमारतीतील सामान्य रहिवासी कोणाची बाजू घेतील, भीतीपोटी दार उघडतील की लावून घेतील, हा खरा थरार होता. पटकथेने तो एका घरापुरता वापरला आणि सोडून दिला.

तरीही, जो एक प्रसंग वापरला तो मी विसरू शकत नाही. गोफारच्या घरात खोट्या भिंतीमागे रामा आणि त्याचा जखमी सहकारी श्वास रोखून उभे आहेत. बाहेरचा माणूस संशयाने भिंतीत कोयता खुपसत जातो. एक पाते रामाच्या गालात शिरते. तो ओरडत नाही. पाते मागे घेतले जात असताना तो त्यावरचे रक्त हाताने पुसून घेतो, म्हणजे बाहेरच्याला ते दिसणार नाही. या प्रसंगात एकही ठोसा नाही आणि माझ्या मते चित्रपटातील सर्वांत थरारक मिनिटे हीच आहेत. धागाकर्त्यांनी विचारलेल्या ‘मारामारी वजा जाता काय उरते’ या प्रश्नाचे एक उत्तर तरी येथे मिळते.

गणपुले काका

अनवट यांनी उल्लेखलेला प्रसंग मी मुकाट्याने मान्य करतो. मात्र दिठी यांना एक विचारायचे आहे. लढण्याच्या पद्धतीतून व्यक्तिरेखा कळते हे सूत्र मॅड डॉगला लागू पडते. ते रामाला लागू पडते का? नमाज पढणारा, वडिलांना शब्द देऊन निघालेला, बाप होऊ घातलेला हा मुलगा पहिल्या तासात किमान डझनभर माणसांना ज्या तऱ्हेने संपवतो, त्यातून त्याच्या स्वभावाबद्दल काय कळते? एका माणसाला तो दाराच्या फुटक्या चौकटीवर मानेवर पाडतो. त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर दमणूक दिसते, दुसरे काही नाही.

दिठी

प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणेन की रामा कधीही आपणहून पाठलाग करत नाही. तो प्रत्येक वेळी कोणाला तरी पाठीशी घालून, कोणाला तरी ओढत नेताना लढतो. मॅड डॉग लढण्यासाठी लढतो आणि रामा बाहेर पडण्यासाठी. शेवटच्या लढतीत दोन भाऊ एकाच माणसाविरुद्ध उभे असूनही आपल्याला ते अन्यायाचे वाटत नाही, कारण अधिक समर्थ कोण हे तोवर ठसलेले असते.

परंतु भावांच्या नात्याबद्दल धागाकर्ते बरोबर आहेत. आंदी घर सोडून का गेला, या इमारतीत त्याला असे काय मिळाले जे घरी नव्हते, हे दोन-तीन वाक्यांत उरकले जाते. ज्या चित्रपटाने शरीराच्या हालचालींतून इतके सांगितले, तो भावांपाशी येताच संवादांचा आधार घेतो आणि तेथे उवाइसच्या अभिनयाची मर्यादा उघडी पडते.

सुमात्रा सागर

काही वर्षे कामानिमित्त जकार्तात राहिलो आहे, त्यामुळे भ्रष्टाचाराच्या धाग्याबद्दल थोडे लिहितो. बाहेरच्या प्रेक्षकाला तो धागा घाईचा वाटतो, पण तेथील प्रेक्षकाला त्याची पार्श्वभूमी समजावून सांगण्याची गरज नव्हती. २००९ मध्ये इंडोनेशियाचे पोलीस दल आणि भ्रष्टाचार निर्मूलन आयोग यांच्यात उघड संघर्ष झाला. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने आयोगाची तुलना पालीशी आणि पोलिसांची मगरीशी केली, आणि ‘पाल विरुद्ध मगर’ हे त्या प्रकरणाचे नावच पडले. लोक आयोगाच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. हा चित्रपट इंडोनेशियात २०१२ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे ही आठवण ताजी होती. वाह्यूने ही मोहीम वरिष्ठांच्या परवानगीविना आखली आहे, मदतीला कोणी येणार नाही, आणि तामाला छाप्याची खबर आधीच होती, हे तपशील त्या प्रेक्षकाला वेगळ्या वजनाने लागले असणार.

शेवटी वाह्यू तामाला मारतो, स्वतःवर बंदूक रोखतो आणि तिच्यात गोळी उरलेली नसते. उलटतपासणी यांनी गोळ्या सोयीस्करपणे संपण्याबद्दल लिहिले आहे, पण हे एक ठिकाण असे आहे की जेथे संपलेल्या गोळीला अर्थ आहे. त्याला मरणही मिळत नाही, त्याला बाहेर जाऊन जबाब द्यायचा आहे.

उलटतपासणी

हे मान्य. या एका गोळीची तक्रार मागे घेतो, बाकीच्या हजारभर कायम आहेत.

तिसरी घंटा

अवांतर होईल, पण संगीताबद्दल कोणीच बोलले नाही. या चित्रपटाला दोन पार्श्वसंगीते आहेत. इंडोनेशियातील मूळ आवृत्तीला आरिया प्रायोगी आणि फजर युस्केमल यांचे, आणि अमेरिकी वितरणासाठी माइक शिनोदा व जोसेफ ट्रॅपनीज यांचे. नंतरचे संगीत ठेका धरणारे, विजेच्या वाद्यांचे आहे आणि ते मारामारीला उठाव देते. परंतु काकांचा ‘माणसे माणसांसारखी वाटत नाहीत’ हा आक्षेप त्या संगीतामुळेच बळावतो असे मला वाटते. ठेका सुरू झाला की फटका हा तालाचा भाग होतो, वेदनेचा राहत नाही. एव्हन्स यांनी स्वतःच केलेल्या संकलनात फटक्यांच्या लयीकडे इतके लक्ष आहे की वेगळ्या ठेक्याची गरजच नव्हती.

कोल्हापुरी पट्टा

संगीताबद्दल सहमत. जाका आणि मॅड डॉग यांची लढत आवाज बंद करून पाहिली तरी तिची लय कळते. आमचे वस्ताद हलगी थांबवून मुलांना खेळायला लावत, कारण ताल अंगात आहे की फक्त हलगीत, हे तेव्हाच कळते.

पश्चिमवारा

सर्व प्रतिसाद वाचले. दिठी आणि अनवट यांच्यामुळे माझ्या मूळ प्रश्नाची मांडणी बदलायला हवी असे वाटते, मत मात्र पूर्ण बदललेले नाही. मॅड डॉग, भिंतीतला कोयता आणि वाह्यूची रिकामी बंदूक या तिन्ही ठिकाणी चित्रपट आपली गोष्ट कृतीतून सांगतो आणि तेथे तो कोणत्याही गंभीर थरारपटाच्या पंगतीत बसेल. गोळी लागलेला मुलगा, इमारतीतील इतर रहिवासी आणि दोन भावांचा भूतकाळ या ठिकाणी तो स्वतःच उघडलेले दार लावून घेतो. कथा बारीक आहे ही माझी तक्रार आता राहिलेली नाही. जे प्रसंग कथेने स्वतः निर्माण केले त्यांच्याकडे ती परत जात नाही, ही आहे.

सुमात्रा सागर, एक शंका आहे. शेवटी आंदी रामाला लाच घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ध्वनिफिती देतो आणि स्वतः इमारतीतच राहतो. तेथील प्रेक्षकाला हा शेवट आशादायक वाटला असेल की उपरोधिक?

सुमात्रा सागर

माझ्या ओळखीच्यांमध्ये यावर दोन तट होते. फितींचा उपयोग होईल असे मानणारे तरुण होते. त्यांच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की फिती घेऊन रामा जाणार कोणाकडे, तर पुन्हा पोलिसांकडेच. २०१४ मधील दुसरा भाग याच प्रश्नापासून सुरू होतो आणि तो जवळजवळ अडीच तासांचा आहे, म्हणजे कथा कमी पडल्याची तक्रार एव्हन्स यांच्यापर्यंतही पोहोचली असावी.

गणपुले काका

दुसऱ्या भागात कथा भरपूर आहे आणि तेथे माझी तक्रार नेमकी उलट आहे. त्यासाठी कोणीतरी स्वतंत्र धागा काढावा, मी तेथेही येईन.